दोन विमानतळांमधलं अंतर ठरलेलं असतं, मग प्रवासाचा वेळ का बदलतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन शहरांच्या विमानतळांमधलं हवाई अंतर कसं काढतात, वेगवेगळ्या ठिकाणी त्याचे आकडे थोडे वेगळे का दिसतात, आणि अंतर तेच असताना जाताना आणि येताना वेळ वेगळा का लागतो?

मी उड्डाणांची आखणी करण्याच्या कामात बरीच वर्षं आहे. विमान सुटण्याआधी मार्ग कुठला, उंची किती, इंधन किती आणि वेळ किती हे ठरवून तो आराखडा वैमानिकाच्या हातात देणं हे आमचं काम. त्या अनुभवावरून सांगतो, अंतर हा यातला सोपा भाग आहे. ते भूमितीनं ठरतं आणि बदलत नाही. वेळ मात्र त्या दिवशीचा वारा, कुठल्या देशांची हवाई हद्द उघडी आहे आणि दोन्ही टोकांना जमिनीवर किती गर्दी आहे, यांवर ठरतो. म्हणून अंतर पटकन उरकतो आणि वेळेकडे सावकाश येतो.

पहिल्यांदा, कुठला विमानतळ ते नक्की करा. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, लूटन आणि सिटी असे वेगवेगळे विमानतळ आहेत. टोकियोचं हानेदा शहराला लागून आहे, तर नारिता शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किमी लांब. अंतर सांगणारी बरीच पानं शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, काही विमानतळापासून विमानतळापर्यंत, आणि यातलं काय मोजलंय ते दरवेळी लिहिलेलं नसतं. नावातही घोळ होतो. ऑस्ट्रेलियातलं सिडनी आणि कॅनडातलं सिडनी, कॅलिफोर्नियातलं सॅन होजे आणि कोस्टा रिकाची राजधानी सॅन होजे. कॅनडाच्या सिडनीत चुकून उतरलेल्या प्रवाशांच्या बातम्या खरोखर आल्या आहेत. म्हणून नाव न टाकता विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाकावा.

आता अंतर. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे त्या दोन बिंदूंमधून आणि पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीनं पृष्ठभागावर काढलेला कंस. भूगोलात याला बृहद्वृत्त म्हणतात, आमच्या कामात ग्रेट सर्कल. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ही वाट वाकडी दिसते आणि म्हणून लोकांना वाटतं की विमान उगाच वळसा घालून गेलं. टोकियोहून न्यूयॉर्कची जवळची वाट अलास्कावरून जाते. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोची जवळची वाट जवळजवळ सरळ उत्तरेला निघते आणि आर्क्टिक प्रदेशावरून पलीकडे उतरते. पृथ्वीचा गोल हातात घेऊन दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहिला की हे लगेच पटतं.

जवळच्या शहरांसाठी हे गणित कागदावरही होतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किमी. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच, पण ध्रुवांकडे जाताना तो आवळत जातो, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइननं गुणायचं. मुंबई विमानतळ आहे १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व इथे, आणि दिल्लीचा २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व इथे. अक्षांशातला फरक ९.४८ अंश, म्हणजे साधारण १,०५४ किमी. रेखांशातला फरक ४.२३ अंश, त्याला १११.२ नं आणि २३.८ अंशाच्या कोसाइननं गुणलं की ४३० किमी. या दोन बाजूंचा कर्ण काढला की येतात सुमारे १,१३८ किमी. कुठलंही संकेतस्थळ याच्या अगदी जवळचा आकडा देईल.

लांबच्या शहरांना ही युक्ती लावू नका. हीथ्रो ते न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ असं हेच गणित केलं तर सुमारे ५,७८० किमी येतात, तर गोलावरचं खरं अंतर ५,५४० च्या आसपास आहे. तिथे हॅव्हरसाइन नावाचं, गोलावरचं अंतर काढायचं सूत्र वापरावं लागतं. ते पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा अचूक गोल आहे असं धरतं.

आकडे वेगवेगळे दिसण्याचं एक कारण इथेच आहे. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवापाशी ६,३५७. हा चपटेपणा धरून मोजलं की हीथ्रो ते केनेडी अंतर ५,५५५ किमीच्या आसपास येतं. एक ठिकाण ५,५४० सांगतं आणि दुसरं ५,५५५. दोघांचं गणित बरोबर आहे, फक्त पृथ्वीचा आकार वेगळा धरलाय. हा फरक सहसा अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो, त्याची चिंता करायचं कारण नाही.

एककाचा गोंधळ मात्र महागात पडतो. तेच ५,५५५ किमी म्हणजे सुमारे ३,४५० साधे मैल आणि सुमारे ३,००० सागरी मैल. विमान वाहतुकीत सागरी मैल चालतो, तो बरोबर १,८५२ मीटरचा, आणि तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. नुसतं 'मैल' लिहिलेलं दिसलं तर कुठला मैल ते आधी पाहा, नाहीतर पंधरा टक्क्यांची चूक होते.

बृहद्वृत्ताच्या अंतराला कायद्यातही जागा आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमात उड्डाण रद्द झाल्यावरची भरपाई अंतरावर ठरते, आणि त्यातले १,५०० आणि ३,५०० किमीचे टप्पे याच पद्धतीनं मोजतात. विमान त्या दिवशी प्रत्यक्षात किती किलोमीटर उडालं हे तिथे बघत नाहीत.

प्रत्यक्षात ते नेहमी जास्तच उडतं. धावपट्टी वाऱ्याच्या दिशेनुसार निवडतात, कारण उड्डाण आणि उतरणं दोन्ही समोरच्या वाऱ्यात करायचं असतं. पूर्वेला जायचं असलं तरी विमान पश्चिमेकडे तोंड करून उडू शकतं आणि मग वळतं. मोठ्या विमानतळांवर बाहेर पडण्याचे आणि आत येण्याचे मार्ग आखून दिलेले असतात, म्हणजे येणारी आणि जाणारी विमानं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. या दोन टोकांनाच बरेच किलोमीटर वाढतात. हजार किलोमीटरच्या उड्डाणात ते जाणवतात, दहा हजारांच्या उड्डाणात विरघळून जातात.

मधल्या भागातले वळसे मोठे असतात आणि त्यांची कारणं फार वेगवेगळी असतात. तिबेटच्या पठारावरून बहुतेक विमानं जात नाहीत, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला पटकन दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं आणि तिथली जमीनच त्याहून उंच आहे. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक वेळात पर्यायी विमानतळ गाठता येईल अशाच वाटेनं जावं लागतं. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत वाढली आणि दोन इंजिनांची विमानं अटलांटिकवर नियमित जाऊ लागली. आज काही विमानांना पाच तासांहून जास्त मुभा आहे, म्हणून दक्षिण गोलार्धातल्या निर्मनुष्य समुद्रांवरही आता त्यांना बऱ्यापैकी सरळ वाट मिळते.

आणि बंद हवाई हद्दी. यानं सगळं गणितच उलटून जातं. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर सुमारे ७,८०० किमी. रशियावरून सरळ जाता येत होतं तेव्हा साडेनऊ तासांच्या आसपास लागत. फेब्रुवारी २०२२ नंतर युरोपीय कंपन्यांना रशियाची हद्द बंद झाली आणि तोच प्रवास तेरा तासांच्या घरात गेला, कधी उत्तर ध्रुवावरून तर कधी दक्षिणेकडून वळसा घालून. दोन विमानतळांमधलं अंतर एक मीटरनंही वाढलेलं नाही. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांनी २०१९ मध्ये फेब्रुवारी अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच अनुभवलं आणि एप्रिल २०२५ पासून पुन्हा अनुभवलं, पाकिस्तानची हद्द बंद असल्यामुळे. अंतराच्या तक्त्यात यातलं काहीही दिसत नाही. म्हणून लांबच्या प्रवासाचा जुना वेळ कुठे वाचलात तर तो कुठल्या वर्षाचा आहे हे जरूर पाहा.

आता वेग. जेट विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या तुलनेत सांगतात. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असतं आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किमी भरतो. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ त्याच्या ०.७८ पट वेगानं जातं, म्हणजे ताशी सुमारे ८३० किमी. ७८७ किंवा ए३५० हे ०.८५ पट, म्हणजे ९०० किमी. एटीआर ७२ सारखं पंख्याचं विमान ५०० च्या आसपास. पण हा वेग मधल्या सरळ भागातला. वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, खाली उतरणं साधारण २०० किमी आधी सुरू होतं आणि दहा हजार फुटांखाली बहुतेक ठिकाणी वेग २५० नॉटपर्यंतच ठेवायचा असतो. त्यामुळे लहान उड्डाणात सरासरी वेग बराच खाली येतो. ज्यांना वाटतं की ५०० किमी म्हणजे १,००० किमीच्या निम्मा वेळ, त्यांचा हिशोब इथे फसतो.

वर सांगितलेला वेग हवेच्या तुलनेत आहे, आणि ती हवा स्वतः वाहत असते. प्रवाहातल्या नावेसारखं आहे हे: वल्ही तीच, जोर तोच, पण काठावरून पाहणाऱ्याला जातानाचा आणि येतानाचा वेग वेगळा दिसतो. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह असतात आणि जेट विमानं नेमकी त्याच उंचीवर उडतात. जपानमध्ये वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते, पण जगाचं त्याकडे लक्ष गेलं ते दुसऱ्या महायुद्धात, उंचावरून जपानवर जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेक्या विमानांना या वाऱ्यांनी हैराण केलं तेव्हा. या मोजमापांबद्दल मला फार आदर वाटतो. आमचा रोजचा आराखडा आजही वरच्या वाऱ्याच्या अंदाजावरच उभा राहतो.

आकड्यांत पाहा. ५,५४० किमी अंतर, विमानाचा वेग ताशी ९०० किमी. वारा नसेल तर हवेत ६ तास ९ मिनिटं. सरासरी १०० किमीचा वारा पाठीशी असेल तर ५ तास ३२ मिनिटं, समोर असेल तर ६ तास ५६ मिनिटं. दोन्ही मिळून वाऱ्याविना होणाऱ्या वेळेपेक्षा नऊ-दहा मिनिटं जास्तच लागतात, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. जाताना मिळालेलं येताना पूर्ण फिटतं हा समज म्हणूनच बरोबर नाही. वारा १५० झाला तर हा तोटा वीस मिनिटांवर जातो.

८-९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री 'कियारा' वादळानं अटलांटिकवरचा वारा प्रचंड वाढवला, आणि ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ केनेडीहून हीथ्रोला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. ध्वनीची मर्यादा त्यानं ओलांडली नव्हती, कारण भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगानं उडत होतं. खरोखर ध्वनीच्या पुढे जाणाऱ्या काँकॉर्डचा त्याच मार्गावरचा विक्रम ७ फेब्रुवारी १९९६ चा, २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांचा.

वाऱ्यामुळे लांबची वाट लवकर पोचवते, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आमच्या कामातलं मला सर्वांत आवडणारं सत्य तेच आहे. अटलांटिकवर तर मार्गांचा संच दिवसातून दोनदा नव्यानं आखतात. पूर्वेला जाणाऱ्यांना प्रवाहात ठेवतात, पश्चिमेला जाणाऱ्यांना त्यापासून दूर. याहून मोठं उदाहरण दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्कोचं. बृहद्वृत्ताचं अंतर सुमारे १२,४०० किमी. एअर इंडियानं ऑक्टोबर २०१६ मध्ये अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून पूर्वेकडे जायला सुरुवात केली. त्या वाटेनं विमान सुमारे १५,३०० किमी उडालं, अटलांटिकच्या वाटेपेक्षा हजार किलोमीटरहून जास्त, आणि तरीही सुमारे दोन तास आधी, साडेचौदा तासांत पोचलं. पाठीवर वारा होता.

हे वारे हिवाळ्यात जोरदार आणि उन्हाळ्यात मंद असतात. विमान कंपन्यांची वेळापत्रकं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आणि एकाच मार्गाचा छापील वेळ दोन्ही हंगामांत वेगळा असण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

तिकिटावर दिसणारा वेळ हवेतला वेळ नसतो. तो ब्लॉक टाइम: दरवाजे बंद करून विमान जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभं राहिलं तिथपर्यंत. त्यात टॅक्सी आली, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीपर्यंतचा प्रवास, आणि रांगही आली. ॲमस्टरडॅमची पोल्डरबान नावाची धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे की तिथे उतरल्यावर दरवाजापर्यंत पोचायलाच पंधरा मिनिटं सहज जातात. हीथ्रोला येणारी विमानं गर्दीच्या वेळी ठरलेल्या चार ठिकाणी घिरट्या घालत आपल्या पाळीची वाट पाहतात. हे सगळं माहीत असल्यामुळे कंपन्या वेळापत्रकात थोडी जादा मिनिटं धरतात. ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर आलं असं या क्षेत्रात मानतात, आणि त्या हिशोबात बसणं प्रत्येक कंपनीला हवं असतं. मुंबई ते दिल्ली हवेत साधारण पावणेदोन तास लागतात, तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास दिसतात. उशिरा सुटलेलं विमान वेळेवर कसं पोचलं असा प्रश्न मला नेहमी विचारतात. वैमानिकानं वेग वाढवला म्हणून नव्हे, हा जादा वेळ शिल्लक होता म्हणून.

स्थानिक वेळेबद्दल थोडंच सांगतो, कारण नियम सोपा आहे: पोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ सरळ वजा करू नका. दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत आणा, मग वजाबाकी करा. भारत त्यापेक्षा साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा तास. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात तिथे प्रवासाची तारीखही लक्षात घ्यावी लागते. सामोआ आणि अमेरिकन सामोआ यांच्या घड्याळांत तर पूर्ण चोवीस तासांचा फरक आहे. तिथलं उड्डाण जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचं, आणि पूर्वेला जाणारा प्रवासी आदल्या दिवशी पोचतो.

थेट विमान नसेल तर बरेच जण वाटेतल्या शहरामुळे अंतर किती वाढतं ते मोजत बसतात. अंतर सहसा फारसं वाढत नाही. मुंबई ते हीथ्रो थेट ७,२१० किमीच्या आसपास. दुबईवरून गेलात तर १,९३० अधिक ५,५००, म्हणजे ७,४३०. वाढ तीन टक्क्यांची. वेळ वाढतो तो दुसऱ्यांदा उतरणं, दुसऱ्यांदा टॅक्सी, पुन्हा सुरक्षा तपासणी, दुसऱ्या विमानाची वाट आणि पुन्हा वर चढणं यांमुळे. मधला थांबा दीड तासाचा असला तरी एकूण प्रवास अडीच तासांनी वाढतो, असा अंदाज धरावा. म्हणून दोन पर्यायांत निवड करायची असेल तर किलोमीटर बघू नका, थांब्याची लांबी बघा.

मग अंदाज कसा काढायचा? मी वापरतो ती रीत अशी. जेट विमानासाठी दोन-तीन हजार किलोमीटरपर्यंतचं अंतर ८०० नं भागा, त्याहून लांबचं ८५० नं, आणि त्यात ४० मिनिटं मिळवा. १,१३८ किमीला यानं दोन तास पाच मिनिटं येतात. ५,५४० ला सात तास दहा मिनिटं. प्रत्यक्षात पश्चिमेला पाऊण तास जास्त धरा आणि पूर्वेला तेवढाच कमी. उत्तर-दक्षिण प्रवासात ही दुरुस्ती सहसा लागत नाही. तीनशे किलोमीटरच्या आतल्या उड्डाणांना ही रीत लावू नका, तिथे टॅक्सी आणि रांगच अर्ध्याहून जास्त वेळ खातात. स्कॉटलंडच्या उत्तरेला वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण तर २.७ किमीचं आहे, वेळापत्रकात दोन मिनिटांचं, आणि ते ५३ सेकंदांतही झालेलं आहे. दुसऱ्या टोकाला सिंगापूर ते केनेडी, सुमारे १५,३५० किमी. इथे माझी रीत पावणेएकोणीस तास सांगते आणि वेळापत्रकही त्याच्या जवळपासच आहे, पण अशा उड्डाणाचा मार्ग वाऱ्याप्रमाणे रोज इतका बदलतो की एका दिवसाच्या आकड्यावर काहीच ठरवू नये.

पुढचं विमान किंवा महत्त्वाची भेट पकडायची असेल तर अंदाजावर विसंबू नका. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्या उड्डाणाचा क्रमांक टाका आणि मागच्या दहा-पंधरा दिवसांत ते प्रत्यक्ष किती वाजता सुटलं आणि किती वाजता उतरलं ते पाहा. उतरण्याच्या वेळेत टर्मिनलपर्यंतची पंधरा मिनिटं स्वतः मिळवा, कारण बऱ्याच ठिकाणी चाकं टेकल्याची वेळ दाखवतात. प्रवास जानेवारीत असेल तर ऑगस्टच्या नोंदी पाहून उपयोग नाही. जुन्या नोंदी मिळत असतील तर आदल्या जानेवारीच्या पाहा, आणि दरम्यान कुठली हवाई हद्द बंद झालेली नाही ना, हेही तपासा. या यादीतला सरासरी वेळ धरू नका. सर्वांत उशिराचे दोन-तीन दिवस बघा आणि पुढचं विमान त्या दिवशीही मिळेल इतका वेळ मध्ये ठेवा.